मोडलेला खुबा चष्म्याची वाट बघत नाही

‘नव्या एआर चष्म्यातून सर्जनला हाड आरपार दिसतं. सीटी नको, एक्स-रे नको, चूक होणं अशक्य. खरं तर ऑपरेशन चष्माच करतो. वर्षभरात सगळीकडे हेच येणार. तेव्हा हा चष्मा नसेल तिथे हाडाचं ऑपरेशन करू नका, ठरलं असेल तर पुढे ढकला.’

हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. (एआर चष्मा म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र चढवून दाखवणारा चष्मा.) मी तो न वाचताच पुसून टाकायचे. आता तो मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकलाय. मावशी खुबा मोडून वॉर्डात पडलीय, आणि हा खाली विचारतोय, ‘थांबायचं का?’

अजिबात नाही. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी या ‘पुढे ढकला’चं बघू. गुडघेबदलासारखी शस्त्रक्रिया महिनाभर लांबली तर सहसा दुखणं लांबतं. खुब्याच्या फ्रॅक्चरचं तसं नाही. वयस्कर माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात, आणि उरलीसुरली ताकदही जाते. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणारी नाइस ही संस्था 2011 पासून स्पष्ट सांगते : दाखल झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करा. रक्त कमी आहे, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टर थांबायला म्हणाले तर ती गोष्ट वेगळी. तेही लगेच सावरून घ्यायचं असतं. पण चष्म्यासाठी? तुटलेली हाडं जुळवून स्क्रू-पट्टी किंवा नेल, म्हणजे हाडाच्या आतली सळई, घालणं, नाहीतर सांधा बदलणं, ही कामं चष्मा येण्याच्या कितीतरी आधीपासून रोज होत आली आहेत. हाड जुळवताना समोर सी-आर्मचा, म्हणजे एक्स-रेचाच, पडदा असतो.

आता ‘आरपार दिसतं’. चष्म्यातून काहीही आरपार दिसत नाही. मणक्यात स्क्रू बसवताना जे हाड दिसल्यासारखं वाटतं, ते सीटी स्कॅनवरून तयार केलेलं चित्र असतं. म्हणजे ज्या सीटीला हा फॉरवर्ड हाकलून देतोय, त्याच्याशिवाय दाखवायला काही उरतच नाही. रुग्णाच्या हाडावर खुणेचा तुकडा घट्ट बसवतात, कॅमेरा तो ओळखतो आणि चित्र खऱ्या हाडाशी जुळवलं जातं. या जुळवणीला रजिस्ट्रेशन म्हणतात. सगळा भरवसा तिच्यावर. खुणेला कोपर लागून ती जराशी जरी सरकली, तरी चित्र पूर्वीसारखंच सुबक दिसत राहतं, फक्त चुकीच्या जागी. मणक्याच्या स्क्रूशेजारून मज्जारज्जू आणि नसा जातात. तिथे काही मिलिमीटरही फार झाले. म्हणून अनुभवी सर्जन मध्येच ओळखीच्या हाडाच्या टोकावर अवजार टेकवून ताळा घेतो, आणि शंका आली की एक्स-रे काढतो.

त्यामुळे ‘चूक अशक्य’ हे तर उलटंच आहे. डोळ्यांचाही प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या चष्म्यात चित्राचा फोकस साधारण 2 मीटरवर ठरलेला असतो आणि सर्जनचे हात असतात हातभर अंतरावर. डोळ्याला एका वेळी एकच नीट दिसतं. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात लोकांना असा चष्मा लावून ठिपके जोडायला दिले. साध्या डोळ्यांनी तेच काम जास्त अचूक झालं. खास शस्त्रक्रियेसाठी बनवलेले चष्मे यापेक्षा बरे असतात, पण ‘अशक्य’ हा शब्द विकणाऱ्याचा आहे.

‘ऑपरेशन चष्माच करतो’ यावर काय बोलणार! त्याला हात नाहीत.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवी. नेहमीच्या नेव्हिगेशनमध्ये, म्हणजे अवजार हाडात कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या पद्धतीत, सर्जनला हातातलं अवजार आणि बाजूचा पडदा यांच्यात सारखी मान वळवावी लागते. चष्म्यात तेच चित्र नजरेसमोर येतं, आणि ही सोय खरी आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी अशा एका चष्म्याला औषधं आणि वैद्यकीय साधनांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2019 मध्ये परवानगी दिली, आणि 2020 मध्ये तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो रुग्णांवर वापरलाही गेला. म्हणजे थाप नाही. पण परवानगी सर्जनला वाट दाखवणाऱ्या साधनाला मिळाली, सर्जनच्या जागी बसवण्याला नाही. आणि मणक्यासाठी मिळाली, मावशीच्या खुब्यासाठी नाही.

राहिलं ‘वर्षभरात सगळीकडे’. असल्या प्रयोगांत सर्रास दिसणारा होलोलेन्स 2 मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये बनवायचाच बंद केला.