कूलंट कुठंय, काका?

गेल्या रविवारी सकाळी पावणेनऊला, चाकणच्या पुढच्या एका माळावर, पंधरा-वीस माणसांच्या देखत मी माझ्या फोक्सवागन बीटल गाडीत पाणी ओतलं. यात विशेष काय, असं ज्यांना वाटतंय त्यांनी पुढं वाचावं. ज्यांना कळलंय त्यांनी मनातल्या मनात हळहळावं आणि कृपया फोन करू नये. आठवडा झाला, मला अजून त्यावर बोलवत नाही.

गाडी १९६८ ची. आत्याचे यजमान जर्मनीहून परतताना घेऊन आले, ते गेले, आत्येभाऊ अमेरिकेला गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. तिला ऑटोक्रॉसमध्ये पळवायचं खूळ मात्र सर्वस्वी माझं. ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या माळावर शंकूसारखे कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि एकेका गाडीनं घड्याळाशी झुंजायचं. कोन पडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. हौशी लोकांचा मामला. बक्षीस म्हणून प्लास्टिकचा कप मिळतो आणि तोंडभर माती, ती सगळ्यांनाच मिळते.

तयारीला दोन वर्षं लागली. मूळ इंजिन १४९३ सीसीचं, ४४ हॉर्सपॉवरचं. त्यातले ८३ मिलिमीटरचे पिस्टन आणि बॅरल काढून ८५.५ चे बसवले की १५८४ सीसी होतात. म्हणजे वाढ झाली ९१ सीसीची. ९१ सीसी म्हणजे नक्की किती, हे मी एका रात्री न राहवून स्वयंपाकघरातल्या मापाच्या कपात पाणी घेऊन पाहिलं. अमृततुल्यात मिळतो तो एक कटिंग चहा. पिस्टन परदेशातून मागवले, त्यावर कस्टम भरलं, त्यावर कुरिअरवाल्याला कस्टम भरल्याबद्दलचे पैसे भरले, आणि एवढ्या उपद्व्यापातून इंजिनात एका कटिंगची सोय केली. बायकोनं कप पाहिला, मला पाहिलं, आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून निघून गेली.

मग एका कार्बोरेटरच्या जागी दोन आले. दोघांना एका सुरात आणायचं तर रबरी नळीचं एक टोक आपल्या कानाला लावायचं, दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोघांचा सुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू पिळत बसायचं. आमचे मिस्त्री हे डोळे मिटून करतात. त्यांची सगळी हयात लँब्रेटा आणि चेतक उघडण्यात गेली. बीटल पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते मागं वाकले, पंखा पाहिला, पत्रे पाहिले आणि म्हणाले, "चार शिलिंडरची चेतकच की ही. तेल येगळं, एवढंच." टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट, सहा थाऊ (इंचाचे सहा हजारांश), तोही इंजिन पार गार असताना, हे मी त्यांना पुस्तकात दाखवायला गेलो. त्यांनी पुस्तकावर पाना ठेवला.

मागच्या चाकांचं दुखणं वेगळंच. या गाडीचे मागचे अॅक्सल गिअरबॉक्सपाशीच काय ते हलतात. वळणावर जोरात शिरलं आणि मधेच अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो आणि बाहेरचं चाक पोटाखाली जातं. अंड्यावर बसायला निघालेली कोंबडी डोळ्यांसमोर आणा. ती कोंबडी साठच्या वेगानं बसते आहे असं समजा. म्हणून खालून एक आडवी पट्टी बसवून घेतली. आता कोंबडी बसत नाही, नुसती विचार करते.

एवढं सगळं सरकारदरबारी चालतं का, हा प्रश्न मी स्वतःला रात्री दोननंतरच विचारतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी निघाली आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, पहिल्या नोंदणीला वीस हजार लागतात, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. शर्यतवाल्यांची अट बरोबर उलटी. मूळ सीटबेल्ट चालत नाही, मूळ सीट चालत नाही. एका खिडकीवर पाटी आहे 'हात लावू नका' आणि दुसरीवर 'हात लावल्याशिवाय येऊ नका'. कटिंग चहाला मोठा फेरफार म्हणायचं की किरकोळ, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

त्यात पेट्रोल. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. कोल्हापूर-सांगलीचा ऊस माझ्या इंजिनात जळतो याचा मराठी माणूस म्हणून मला आनंद आहे. जुन्या रबरी नळ्यांना मात्र तो पचत नाही. त्या आधी फुगतात, मग चिरतात, आणि चिरलेल्या नळीखाली तापलेलं इंजिन असतं. दोन वर्षांत तीनदा नळ्या बदलल्या. पंपावरच्या पोराला विचारलं, बिनइथेनॉलचं मिळेल का रे? तो म्हणाला, "बिनसाखरेचा चहा मिळेल साहेब. पलीकडं." हसलो मी. पण ज्यानं ही गाडी सांभाळली त्याचा विचार कुणी कधी, कुठल्या टेबलावर केला असेल का? नसेलच. आम्ही आहोत किती? एखाद्या मंगल कार्यालयात मावू, आणि त्यातही पार्किंग उरेल.

असो. रविवार.

शर्यतीआधी स्क्रुटिनी असते. गाडी धावण्यालायक आहे की नाही हे तपासून काचेवर स्टिकर लावतात. आमच्या रांगेला एक विशीतला मुलगा होता. गळ्यात कार्ड, हातात टॅब, आणि स्वभावानं अतिशय सभ्य. तो सभ्य होता हेच वाईट झालं. उद्धट असता तर भांडण करून मोकळा झालो असतो.

"काका, बॉनेट उघडा ना."

उघडलं.

"काका, इंजिन नाहीये."

बीटलवाल्याला हा विनोद सिग्नलवर, सोसायटीत, लग्नात, एकदा तर स्मशानाबाहेरसुद्धा ऐकावा लागतो. पण हा पोरगा विनोद करत नव्हता. चौकीत वर्दी द्यावी तसा तो बोलला.

"मागं आहे."

मागं गेलो. त्यानं इंजिन पाहिलं, टॅबवर टिक केली.

"बॅटरी?"

"मागच्या सीटखाली."

तो थोडा वेळ गप्प राहिला. पेट्रोलची टाकी कुठं आहे ते त्यानं विचारलंच नाही. (ती पुढं असते, चालवणाऱ्याच्या पायांच्या पलीकडं.) मग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याबद्दल विचारलं, "कूलंट?"

"नाही."

"संपलंय?"

"नसतंच रे. एअर-कूल्ड आहे. हवेनं गार होते."

"ओके काका," तो समजुतीनं म्हणाला. "पण कूलंट कुठंय?"

मी मेकॅनिकलचा पदवीधर. मी त्याला पत्र्याच्या घुमटातला पंखा दाखवला. सिलिंडरभोवतीच्या बारीक पात्या दाखवल्या. पंखा हवा खाली ढकलतो, हवा पात्यांमधून जाते, उष्णता घेऊन बाहेर पडते, असं हातवारे करून सांगितलं. घुमटातच ऑइल कूलर उभा असतो, त्याच्या आडोशामुळं तीन नंबरच्या सिलिंडरला हवा कमी पोचते आणि तो जास्त तापतो, हे घरगुती गुपितसुद्धा सांगून टाकलं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं.

"म्हणजे पात्यांमध्ये कूलंट असतं."

"हवा असते!"

"हवा सगळ्याच गाड्यांत असते, काका."

यावर काय बोलणार? खरंच आहे ते.

मग त्यानं टॅब माझ्याकडं वळवला. कूलंटच्या रकान्यापुढं लाल चांदणी होती. रंग निवडायचा होता. हिरवा, गुलाबी, निळा. खाली पातळीचा फोटो चढवायचा, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

"'लागू नाही' असं काही नाही का?"

"होतं काका. पण मागच्या वेळी सगळे सगळीकडं तेच भरायला लागले. मग काढून टाकलं."

मी दुसऱ्या बाजूनं शिरायचं ठरवलं. "तू इथं कसा आलास? बाइकवर ना?"

"हो."

"तिला आहे का रेडिएटर?"

"आहे ना. लिक्विड कूल्ड आहे ती."

"बरं, घरी स्कूटर असेल. बाबांची?"

"चेतक आहे."

"हां!" मी जवळजवळ टाळीच वाजवली. "चेतकला कुठंय कूलंट? सांग बरं!"

"काका, ती इलेक्ट्रिक आहे."

मागं मिस्त्रींना खोकला आला. तो खोकला नव्हता, मी ओळखतो त्यांना.

माझा तोल तिथं गेला. मी त्याला सांगितलं की बाबा रे, २००३ साली मेक्सिकोतल्या प्वेब्लात शेवटची बीटल बनली तोवर दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही कूलंट नव्हतं. मेक्सिकोतल्याच बाहाच्या १९६७ च्या पहिल्या शर्यतीत, वाळवंटातून, बीटलच्याच सांगाड्यावर आणि इंजिनावर बांधलेली बग्गी अठ्ठावीस तासांच्या आत पहिली आली. अमेरिकेत १९६३ पासून फॉर्म्युला व्ही नावाचा शर्यतीचा अख्खा वर्ग या गाडीच्या सुट्या भागांवर चालत आलाय. मी बोलत होतो, आवाज चढत होता, रांगेतले चार लोक मोबाइल बाजूला ठेवून ऐकायला लागले होते.

पोरगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग त्यांनी फॉर्ममध्ये काय भरलं असेल?"

आणि त्यात उपहासाचा लवलेश नव्हता हो. त्याला खरंच मार्ग हवा होता. माझ्यासाठी.

त्याच्या वरच्या माणसाकडं गेलो. ते छत्रीखाली पोहे खात होते. "एअर-कूल्ड? वा! माझ्या मामांकडं होती," असं म्हणून त्यांनी मामांची गोष्ट सुरू केली. मामा, मामांची बदली, मामांच्या गाडीचा रंग. पोहे संपले तेव्हा म्हणाले, "सिस्टीममध्ये भरून टाका ना काहीतरी." काहीतरी! तीस वर्षं मी ज्या कंपनीत काढली तिथं रोज कुणीतरी मला हेच सांगायचं, आणि ते ऐकायला लागू नये म्हणून तर मी रविवारी या माळावर येतो. मागं हॉर्न वाजायला लागले. पाठीला पट्टा बांधलेले एक गृहस्थ ओरडले, "ओ काका, टाका की पाणी, आमचा खोळंबा कशाला?" ते माझ्याहून मोठे असावेत.

परत आलो तर पोरगा पुढच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत. तिथून आवाज आला, "काका! सापडलं!"

आता हे सांगायला हवं. या गाडीच्या काचेवर पाणी मारायला मोटर नाही. स्टेपनीच्या मधोमध पाण्याची प्लास्टिकची बाटली बसवलेली असते आणि स्टेपनीतली हवा नळीनं त्या बाटलीत सोडलेली असते. बटण दाबलं की स्टेपनीच्या जोरावर पाणी काचेवर उडतं. जर्मन डोकं. मला या गाडीतली ही सगळ्यात लाडकी गोष्ट.

पोरगा त्या बाटलीवर बोट ठेवून उभा होता. चेहरा असा उजळलेला, की दहावीच्या निकालाला तरी उजळला होता की नाही कोण जाणे. "होतं की! तुम्हालाच माहीत नव्हतं. पण लेव्हल कमी आहे, हां."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मिस्त्रींचा बूट माझ्या पायावर पडला आणि तिथंच राहिला. "सायेब," ते दुसरीकडं बघत पुटपुटले, "गप ऱ्हावा."

गप राहिलो. पाण्याची वीस रुपयांची बाटली आणली, झाकण फिरवलं आणि ओतलं. गळ्यापर्यंत. त्यानं फोटो काढला, एकदा हलला म्हणून पुन्हा काढला. रंग कुठला टाकू म्हणाला. मी म्हटलं, पाणी आहे. "तो ऑप्शन नाहीये. निळा टाकतो, थोडं आकाशी वाटतंय." टिक झाली, चांदणी गेली, स्टिकर लागलं. जाताना तो म्हणाला, "काका, दर महिन्याला चेक करत जा. जुनी गाडी आहे, सीझ होईल."

शर्यतीचं काय सांगायचं? पळालो. तिसऱ्या वळणावर कोंबडीनं फारच विचार केला, दोन कोन गेले. दोन्ही कार्बोरेटर एका सुरात गात होते हे मला ऐकू आलं, इतर कुणाला आलं असेल असं वाटत नाही. एका कॉलेजच्या पोरानं आईची ऑटोमॅटिक गाडी आणली होती, मागच्या काचेवर 'बेबी ऑन बोर्ड'. त्यानं मला अकरा सेकंदांनी हरवलं. त्याचा एसी चालू होता.

संध्याकाळी निकाल मोबाइलवर आला. माझ्या नावापुढं 'लिक्विड कूल्ड, १६०० सीसीपर्यंत', आणि त्या गटात मी शेवटून दुसरा. शेवटचा आलाच नव्हता.

परतताना काच मातीनं इतकी भरली होती की समोरचा ट्रक अंदाजानंच दिसत होता. बटण दाबलं. स्टेपनीनं जोर लावला आणि पाण्याच्या दोन जोरदार धारा काचेवर आल्या. वायपर फिरला.

"जपून वापरा सायेब," शेजारून मिस्त्री म्हणाले. "इंजन गरम व्हईल."