श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या अँटिबायोटिकवरून जुंपलीय. काका म्हणतात डॉक्टर उगाच देतात, आत्या म्हणते वेळेत दिलं की माणूस वाचतो. मी इंग्लंडमध्ये बसून दोघांचं वाचते आणि दोघांचंही पटतं, म्हणूनच जास्त चिडचिड होते.

मागच्या हिवाळ्यात सासरे इकडे आले होते. लघवीला जळजळ होत होती, दोन दिवस कुणाला बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मला नणंदेच्या नावाने हाका मारायला लागले. ताप नाही म्हणून आम्ही निवांत! (म्हाताऱ्या माणसांना सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अख्खं शरीर कोलमडायला लागतं तेव्हा, ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडतं.) हॉस्पिटलात नर्सने पूर्ण एक मिनिट त्यांच्या छातीकडे बघत श्वास मोजले, 26. पेशंट किती गंभीर आहे हे कळायला इथे न्यूज टू नावाचा स्कोअर असतो, श्वास 25 किंवा जास्त तर 3 पॉइंट, नवीनच बरळणं सुरू झालं असेल तर 3, वरचं बीपी 90 किंवा खाली तर अजून 3. सासऱ्यांचे झाले 9, आणि संसर्गाची शंका असताना 7 किंवा जास्त झाले की सेप्सिस धरून तासाभरात अँटिबायोटिक. आधी ब्लड कल्चर घेतलं (रक्तात कुठला जंतू आहे ते तो उगवून बघायची टेस्ट), मग लगेच शिरेतून औषध आणि सलाईन. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ई. कोलाय नावाचा जंतू, साध्या औषधानेही मरणारा, तर त्यांनी जोरदार औषध बंद करून साधं सुरू केलं. काका फोनवर, "अगं, गुण येतोय तर हलकं का केलं?"

आपल्या वादात नेमकं हेच नसतं, कल्चर. तिकडे भारतात बरेचदा केमिस्टकडून दोन गोळ्या घेऊनच पेशंट पोचतो, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि डॉक्टर अंदाजाने अजून मोठं औषध देतो. शेड्यूल एच वनची औषधं (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी यादी, त्यात बरीच अँटिबायोटिक्स) विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद हवी, हा नियम 2014 पासून आहे, पण गोळ्या मिळतातच, आणि क्लेब्सिएला नावाचा जंतू आता बरेचदा शेवटच्या फळीतल्या औषधांनाही दाद देत नाही.

इथेही सगळं छान नाहीये हां. मार्था मिल्स, 13 वर्षांची मुलगी, 2021 मध्ये सेप्सिसने गेली, आईवडील सांगत होते तरी कुणी मनावर घेतलं नाही. 2024 पासून टप्प्याटप्प्याने इथल्या हॉस्पिटलांत घरचे थेट दुसऱ्या टीमला बोलवू शकतात, असा नियम आणावा लागला.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. तासाभराने आत्याचा मेसेज, "आमचे दोघांचे मोजले. 16 आणि 18. आता पुढे काय?"

काही नाही आत्या, झोपा.