लुळा हात धरून ओढू नका

अर्धांगवायूवरचा तुमचा लेख वाचला. त्यात या आजाराची दोन्ही कारणं नीट मांडली आहेत: मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटून रक्तस्राव होणं. लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायच्या, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचाही उल्लेख आहे. पण गुठळी झालीय की रक्तस्राव, ते सीटी स्कॅनसारख्या तपासणीशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिनने तो वाढू शकतो. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, हे ठळकपणे यायला हवं होतं.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या महिन्यांची. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. घरचे मायेने तोच हात धरून रुग्णाला उठवतात, सांधा सरकतो आणि दुखण्यापायी व्यायामच थांबतो. काखेत हात घालूनही उचलू नये. आधार कमरेला द्यावा. बसताना, झोपताना त्या हाताखाली उशी हवी. फिजिओथेरपिस्टकडून हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत कृपा करून पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने होते, नंतरही होत राहते. मेंदूचे शाबूत भाग गेलेलं काम शिकतात, पण ते हात-पाय वापरले तरच. बटण लावायला वेळ लागला तरी रुग्णालाच लावू द्या. तो व्यायाम टाळत असेल, तर हट्टी म्हणण्याआधी नैराश्य तर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. या आजारानंतर साधारण तिघांपैकी एकाला ते येतं आणि त्यावर उपचार आहेत.