चार दिवस नुसता छळ!

तानपुऱ्याला नव्या तारा चढवल्या की माझं डोकंच फिरतं! पहिली तार, पंचम, लावली, मधल्या दोन तारांची जोड लावली, शेवटच्या जाड खर्जाकडे वळले, तर पंचम उतरलेला. तो चढवावा तर जोड ढिली. गायचं कधी? तारा हाताने ओढून ताणल्या, खुंट्यांना खडू चोळला. तरी पावसाळी हवेत खुंटी फुगून जाम, आणि एसी लावला की सुकून भर्रकन सुटते! सूर बारीक जुळवायचे तारांतले मणी ओढून ओढून जागा संपली. घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर सरकवून आवाज कुठे उघडला, तोच पंचमाची कोरी तार खुंटीपाशी तटकन तुटली. आता पुन्हा चार दिवस? वर सगळे सांगतात, ॲपवरचा तानपुरा लाव. त्यात ही मिरजेत बनलेल्या तानपुऱ्याच्या भोपळ्यातली आस, तो रेंगाळणारा नाद, कुठून आणू?