समुद्राचा यात काय वाटा?

‘भारताची फ्रोझन मासळी वाढतेय, म्हणजे आपल्या मच्छिमारांचे दिवस पालटले’ हे तुमच्या मासळी निर्यातीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. २०२४-२५ मध्ये आपल्या मासळी निर्यातीच्या किमतीत दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या फ्रोझन कोळंबीचा होता, आणि त्यातली बहुतेक कोळंबी तळ्यात वाढवलेली वनामी, म्हणजे मूळची परदेशी जात, मुख्यतः आंध्रातली. २००९ मध्ये तिच्या शेतीला परवानगी मिळाल्यावर ती इथे रुजली. कोळंबी निर्यातीतला आपला स्पर्धक इक्वाडोर, त्याच्या किनाऱ्यावर तर ती मूळचीच! इक्वाडोरचा बराचसा माल डोक्या-सालासकट चीनला जातो, आपला सोलून अमेरिकेला. सोलणाऱ्या हातांत बायकाच जास्त, त्यांचा लेखात उल्लेखही नाही.

आम्ही रत्नागिरीचे. इथल्या ट्रॉलरवरून फ्रीजिंगला जातं ते माकूल (स्क्विड), वाकटी आणि सुरिमीसाठी, म्हणजे माशाच्या गराच्या लगद्यासाठी, राणी मासा. सुरिमीला लहान मासाही चालतो, त्यामुळे जाळ्यात काय आलं याची फारशी कुणी फिकीर करत नाही. कोळंबीचं तळं भरलं म्हणून इथल्या मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाला डिझेल स्वस्त मिळत नाही हो. पुढच्या वेळी तळ्यातला आणि समुद्रातला माल वेगळा मांडा, मग निर्यातवाढीचा आलेख बघू.