बोट मात्र वरच्या दाढेवर

रात्री तीन वाजता मी अंथरुणात ताठ बसलो होतो. उशीला डोकं टेकलं की दाढेत कुणीतरी घण घालायचं, उठून बसलं की तोच गडी जरा दम खायचा. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, दाताच्या आतली नस आधीच सुजलेली, आणि चहूबाजूंनी टणक दात असल्यानं तिला सुजायला जागा नाही, हे शास्त्र मला नंतर कळलं.

तशा नोटिसा आधी येऊन गेल्या होत्या. थंड पाण्यानं कळ यायची आणि घोट गिळेपर्यंत जायची. तेव्हाच गेलो असतो तर कीड काढून, सिमेंट भरून भागलं असतं. मग गरम प्यायल्यावर कळ येऊ लागली आणि पाच-पाच मिनिटं मुक्काम ठोकू लागली. मी बाजू बदलून चावायला लागलो आणि स्वतःला समजूतदार म्हणवून घेतलं.

त्या रात्री तर अकलेची कमालच केली. अ‍ॅस्पिरिनची गोळी गिळायची सोडून दाढेशेजारी हिरडीवर दाबून ठेवली. सकाळी तिथली कातडी पांढरीफटक, भाजलेली. दाढ ठणकतच होती, आता जोडीला हिरडीही.

"नेमकी कुठली?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी छातीठोकपणे वरच्या डाव्या दाढेवर बोट ठेवलं. रात्रभर जिच्याशी झुंजलो तिला ओळखणार नाही?

त्यांनी ती दाढ आरशाच्या दांडीनं ठोकली. काही नाही. बर्फासारखा गार बोळा लावला. गार लागलं, बोळा काढताच थांबलं. मग काही न बोलता तोच बोळा खालच्या दाढेला टेकवला आणि मी खुर्चीसकट उठायचा बाकी राहिलो. बोळा काढून बराच वेळ झाला तरी कळ हटेना.

"वरच्या-खालच्या दातांच्या तारा मेंदूकडे एकाच मोठ्या नसेतून जातात," त्या म्हणाल्या. "त्यामुळे वर-खाली घोटाळा होतो, कानही दुखतो. डावं-उजवं मात्र पेशंट सहसा चुकत नाहीत."

म्हणजे साक्षीदार म्हणून मी निम्मा तरी खरा ठरलो. मी सांगितलेली दाढ त्यांनी उपटली असती तर, या विचारानं भूल देण्याआधीच मी बधिर झालो.

रूट कॅनालबद्दल जे ऐकलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. सुई टोचली, डावा अर्धा ओठ गायब झाला, आणि सुजलेली नस काढून नळ्या साफ होईपर्यंत मी चक्क पेंगलो. "भूल उतरेपर्यंत काही चावू नका," असं बजावून त्यांनी पुढची तारीख दिली.

त्या तारखेला जाऊन बसलो.

"आता कुठं दुखतंय?"

मी खालच्या ओठावर बोट ठेवलं. टम्म सुजला होता, आणि त्यावर माझ्याच दातांचे ठसे होते.

"या वेळी बरोबर दाखवलंत," बाई म्हणाल्या.