शिक्षकाच्या गालाजवळच्या माइकविषयी

कमरेला लहानसा स्पीकर आणि गालाजवळ बारीक माइक लावून शिकवणारे शिक्षक अलीकडे कोल्हापुरातील शाळांमध्ये आणि खासगी शिकवण्यांमध्ये दिसू लागले आहेत. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि काही वर्षांपासून हे यंत्र नियमितपणे वापरते. पालक, सहकारी आणि पुष्कळदा स्वतः शिक्षकही या यंत्राकडे आवाज कमी पडल्याची खूण म्हणून पाहतात, ही गोष्ट मला मनापासून खटकते. "एवढ्याशा वर्गाला माइक कशाला हवा, मॅडम?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, परंतु त्या प्रश्नाच्या धाकानेच अनेक जणी घसा फाटेपर्यंत ओरडत राहतात. खडू, फळा आणि नकाशे यांच्याइतक्याच सहजपणे शाळेने हे साधन शिक्षकाच्या हाती द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आपण बोलतो तेव्हा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू एकमेकांवर सतत आपटत असतात. पुरुषांच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा घडते, तर स्त्रियांच्या बोलण्यात २०० वेळांच्या आसपास. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत शिक्षिका निम्मा वेळ जरी प्रत्यक्ष बोलत असली, तरी ही संख्या दोन लाखांच्या घरात जाते आणि दिवसभरात अशा पाच-सहा तासिका असतात. आवाज चढवला की प्रत्येक आघात अधिक जोराचा होतो. खुरपे धरणाऱ्या हाताला घट्टे पडावेत तशा या नाजूक पडद्यांवर कालांतराने गाठी येतात, आवाज घोगरा होतो, वरचा सूर लागेनासा होतो आणि वाक्याच्या शेवटी शब्द विरून जातात. शिक्षकी पेशात स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे हा त्रास त्यांच्याच वाट्याला अधिक येतो.

यावर आपल्या घरांत ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध आणि मिठाच्या गुळण्या हे उपाय सांगितले जातात. त्यांनी घशाला आराम वाटतो, हे खरे आहे. पण गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि कोणतेही चाटण आघातांची संख्या किंवा त्यांचा जोर कमी करू शकत नाही. घसा बसल्यावर ताण देऊन कुजबुजत बोलल्यानेही स्वरयंत्राला विश्रांती मिळत नाही. जोर कमी करायचा तर हळू बोलावे लागते, आणि वर्गात हळू बोलायचे तर आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचवण्याचे काम दुसऱ्या कशावर तरी सोपवावे लागते.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतील आयोवा आणि युटा या दोन राज्यांतील शिक्षकांची एक मोठी पाहणी नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांमध्ये ५७ टक्क्यांहून अधिक, तर इतर लोकांमध्ये २९ टक्क्यांच्या आत आढळले. त्याआधी, २००२ साली, याच संशोधकांनी आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांचे गट करून पाहिले होते. एका गटाला आवाजाची निगा कशी राखावी याचे शिक्षण दिले, दुसऱ्या गटाला अंगावर लावायचे ध्वनिवर्धक यंत्र दिले आणि तिसऱ्या गटावर कोणताही उपचार केला नाही. काही आठवड्यांनंतर आवाजामुळे होणारी अडचण स्पष्टपणे कमी झाली ती यंत्र वापरणाऱ्या गटाची. पाणी प्या, ओरडू नका, विश्रांती घ्या हे सल्ले योग्यच आहेत. पण साठ मुलांच्या वर्गासमोर उभे राहणाऱ्या शिक्षिकेला ते पाळता येतील अशी परिस्थिती कोणीतरी निर्माण करून द्यावी लागते.

शिक्षकाच्या घशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न मुलांच्या कानांचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एका मीटरवर ६० डेसिबल असलेले साधे बोलणे आठ मीटरवर पोहोचेपर्यंत पार क्षीण होते. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो खरा, परंतु तोच आवाज शब्दांच्या कडा पुसट करतो. शिक्षकाचा आवाज वर्गातील गोंगाटाहून निदान १५ डेसिबलने वर असावा, असे ध्वनिशास्त्राचे जाणकार सांगतात. भरलेल्या वर्गात, शेजारी रहदारीचा रस्ता असताना, हा फरक नुसत्या घशाच्या बळावर दिवसभर राखणे अशक्य आहे.

येथे भाषेच्या शिक्षिकेला विशेष काळजी वाटावी अशी एक बाब आहे. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने त्या मानाने मोठी होत नाहीत. आवाज चढवून बोललेल्या वाक्यातील आ, ई, ओ मागच्या भिंतीपर्यंत घुमत जातात; पण त, थ, प, फ, स, श यांतील फरक ज्या बारीक फुत्कारांवर अवलंबून असतो, ते वाटेतच हरवतात. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण यांच्या भेदाने शब्दाचा अर्थ बदलतो. 'पाट' आणि 'पाठ', 'ताट' आणि 'थाट' यांतला फरक शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकूच आला नाही, तर तो लिहिणार तरी काय? शुद्धलेखनाच्या वहीत अशा जागी लाल खुणा पाहिल्या की मी आधी ते मूल कुठे बसते हे पाहते. सर्दीने कानांना दडे बसलेली, कान गळणारी किंवा एका कानाने कमी ऐकणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांतील पुष्कळांच्या घरीही त्याची कल्पना नसते आणि अशा मुलावर 'लक्ष न देणारा विद्यार्थी' असा शिक्का बसतो. माइक लावल्यानंतर माझ्या वर्गातील बदल मला सर्वप्रथम मागच्या दोन ओळींत जाणवला. "बाई, ऐकू येईना" हे वाक्य कमी झाले आणि त्या ओळींतून प्रश्न येऊ लागले.

गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच वैद्य एतियेन लोंबार यांनी १९११ साली नोंदवले होते. वर्गातही तेच घडते; शिक्षिका आवाज चढवते, त्यावर मुले चढवतात, मग शिक्षिका आणखी चढवते. नेहमीच्या संथ स्वरात बोललेले मागेपर्यंत स्पष्ट पोहोचू लागले की ही चढाओढ थांबते. मृग नक्षत्रानंतरच्या कोल्हापुरी पावसात पत्र्याच्या छताखाली शिकवलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो पाऊस सुरू झाला की बहुतेक वर्गांत शिकवणे थांबते आणि फळ्यावर लिहून देणे सुरू होते. यंत्राने अशा वेळी सगळे साधते असे नाही. पण सर धरलेल्या मध्यम पावसात धडा चालू ठेवता येतो.

खणखणीत आवाजाचा आपल्या गावाला अभिमान आहे. शाहिराची ललकारी आणि खासबागेच्या कुस्ती मैदानातील आरोळी यांवर आपण वाढलो आहोत. "जुने नट विनामाइक नाटके करत होतेच की," हा युक्तिवाद मी कित्येकदा ऐकला आहे. त्याचे उत्तरही कोल्हापुरातच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ऐकू येण्याचा विचार करूनच बांधले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडले, तेव्हा गावातील प्रत्येक रसिकाच्या पोटात कालवले. त्या वास्तूत नटाच्या कंठाला भिंती आणि छत साहाय्य करत होते, प्रेक्षक शांत बसत होते आणि नटाला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा सहा प्रयोग करायचे नसत. आपल्या वर्गखोल्या सिमेंटच्या उघड्या भिंतींच्या, फरशीच्या आणि पत्र्याच्या आहेत. त्या बांधताना आवाजाचा विचार कोणी केलेला नाही आणि त्या उणिवेची किंमत शिक्षकाच्या घशाने भरावी, हे न्याय्य नाही.

शिवाय कंठ कितीही तयारीचा असला तरी तो थकतो. कोल्हापूर दरबारचे गायक आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाँ खाँ यांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने गेला होता आणि त्यानंतर त्यांनी आपल्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी घडवली, हे गाण्याची आवड असलेल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्या सामर्थ्याच्या गळ्याला जे झाले, ते तालमीशिवाय रोज तासन् तास बोलणाऱ्या शिक्षिकेला होणार नाही, असे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

हे यंत्र साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळते आणि एकदा पूर्ण चार्ज केले की शाळेचा दिवस सहसा निघतो. वापरात मात्र पथ्ये आहेत. माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे बाजूला ठेवावा. समोर ठेवल्यास प आणि फ उच्चारताना श्वासाचा फटका बसून कर्कश धक्के ऐकू येतात. स्पीकरचे तोंड मुलांकडे असावे आणि माइक त्याच्यासमोर येऊ नये. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमधून निघू लागला की शिट्टी वाजते. अशा वेळी आवाज थोडा कमी करावा, माइक ओठांच्या अधिक जवळ घ्यावा किंवा स्पीकर कमरेवरून काढून टेबलावर ठेवावा. पहिल्या बाकाला मोठे वाटणार नाही आणि शेवटच्या बाकाला पुरेल, एवढाच आवाज ठेवावा. एकच संच अनेकांनी वापरायचा असेल, तर स्पीकर सामाईक आणि माइक प्रत्येकीचा स्वतंत्र असावा, कारण तो तोंडाजवळ असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माइक लावल्यावर आपण खरोखर हळू बोलले पाहिजे. सवयीने ओरडत राहिलो तर घसाही दुखतो आणि मुलांचे कानही.

आधीच डॉल्बीने हैराण झालेल्या शहरात आता वर्गातही स्पीकर आणायचा का, असे काही जण विचारतात. ही हरकत मी गांभीर्याने घेते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. वर्गातील यंत्राने ती शांतता मोडू नये, हे योग्यच आहे. दोन वर्गांमध्ये नुसता पातळ पडदा असेल, तर हे यंत्र शेजारच्या वर्गाला त्रास देते आणि तेथे ते वापरू नये. फार घुमणाऱ्या सभागृहातही त्याने शब्द स्पष्ट होण्याऐवजी अधिक मिसळतात. परंतु बोलण्याचा साधा आवाज तेवढ्याच पातळीवर मागच्या बाकापर्यंत नेणारे पाच-दहा वॅटचे यंत्र आणि खिडक्यांची तावदाने हादरवणारी डॉल्बीची भिंत यांना एकाच मापाने मोजू नये.

शाळेबाहेरही याची गरज आहे, हे मला घरात कळले. आमच्या आबांना कंपवात आहे. या आजारात आवाज हळूहळू क्षीण होतो आणि रुग्णाला मात्र आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत असे वाटते. म्हणून "आबा, जरा मोठ्यानं बोला की" असे पुन्हा पुन्हा सांगितले की ते दुखावतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते दुखावणे बरोबरच असते. वाचा-उपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांचे जोरात बोलण्याचे व्यायाम चालू आहेत आणि ते चालूच राहतील. त्याच्या जोडीला जेवताना आणि पाहुणे आल्यावर आम्ही त्यांच्या सदऱ्याला हा संच लावू लागलो. तालमीत घुमलेल्या या माणसाला प्रारंभी ते आवडले नाही. "मला काय भाषण करायचंय व्हय?" असे ते म्हणाले. परंतु आपण सांगितलेली गोष्ट कोणी मध्ये न तोडता पूर्ण ऐकते आहे, हे लक्षात आल्यावर आता पाहुण्यांची चाहूल लागताच ते स्वतःच माइक मागतात. क्षीण आवाजाचा माणूस गप्प बसतो आणि घरातले त्याला शांत स्वभावाचा ठरवतात, असे किती वृद्धांच्या बाबतीत घडत असेल, याचा विचार जरूर व्हावा.

एक सावधगिरी येथेच नोंदवते. आवाज तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर माइक घेऊन काम भागवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, मिश्री किंवा सिगारेटची सवय असेल तर ही तपासणी मुळीच पुढे ढकलू नये.

ज्या संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, त्या संस्थानाचे आपण वारसदार आहोत. मूल वर्गात आणून बसवण्याचे काम त्या पिढीने केले. बसलेल्या प्रत्येक मुलाला शिकवलेले ऐकू यावे, हे त्या कामाचाच भाग आहे, असे मी मानते. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जी खरेदीची यादी होते, तिच्यात निदान दोन संच धरावेत आणि ते प्रथम ज्यांचा पट मोठा आहे किंवा ज्यांचा आवाज वारंवार बसतो त्या शिक्षकांना द्यावेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाळेला भेट म्हणून घड्याळे आणि तसबिरी येतात. त्याऐवजी हे संच मागावेत. खरेदीपूर्वी एखाद्या शिक्षिकेला प्रत्यक्ष वापरून पाहायचा असेल, तर माझा संच मी मे महिन्याच्या सुट्टीत आनंदाने देईन. त्यासाठी येथेच निरोप ठेवावा.